मानेतला वाक

हातात एलन की, म्हणजे नट फिरवायची षटकोनी किल्ली, घेतली की माझ्या पोटात अजून गोळा येतो. साठी उलटली, केस पिकले, बेस गिटार नीट करून देणारी बाई म्हणून या भागात थोडंफार नावही झालं, पण हा गोळा काही जात नाही. वाकड-हिंजवडीकडची आयटीतली पोरं-पोरी पाठीवर गिटारी अडकवून येतात, "काकू, ॲक्शन जरा खाली करून द्या ना," म्हणतात आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. ॲक्शन म्हणजे तार आणि तिच्याखालचे पडदे, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, यांच्यातलं अंतर. ते जास्त झालं तर तार दाबता दाबता बोटं सोलवटून निघतात, आणि फारच कमी झालं तर तार पडद्यांना घासून खरखरते. चार जाड तारा गिटारीच्या लांब मानेला सतत पुढे ओढत असतात. त्यांना आवर घालायला मानेच्या आत लोखंडाची एक सळई असते आणि गिटारीच्या डोक्यापाशी, खुंट्या असतात तिथे, तिचा नट असतो. नट आवळला की मान सरळ होते, सैल केला की पुढे वाकते, आणि नको तितका आवळला तर मोडते. त्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं. माझा हात नटावर जाऊन थांबतो तेव्हा त्यांना वाटतं, काकू काहीतरी बारीक हिशेब करताहेत. काकू घाबरलेल्या असतात.

ही भीती संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांतली आहे. माझे वडील, अण्णा, हायवेवरच्या एका कंपनीत टूलरूमला होते. कंपनीला लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती टूलरूम. तिथे केसाएवढाही फरक चालत नाही, आणि अण्णा तो नियम जेवणाच्या डब्यात घालून रोज घरी आणत. आमच्या घरातली मांडणी, कॅलेंडर, देव्हारा, खिडकीची पडद्याची दांडी, सगळ्यांना लेव्हल लागलेली होती. पलंगाच्या एका पायाखाली पत्र्याची चकती होती, तीही मोजून कापलेली. अण्णा मावळातल्या खेड्यातून आलेले, हाडापेराने मोठे, बोलणं कमी. त्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. काही वाकडं झालं की ती वस्तू ते समोर ठेवत आणि विचारत, "हे काय हाय?" बस्स, इतकंच. या प्रश्नाला उत्तर नसायचं. थोरल्या ताईने एकदा उशीच्या अभ्र्याची शिवण तिरकी मारली होती. तो अभ्रा तिच्या पुढ्यात ठेवून त्यांनी हे विचारलं, आणि ताईने लग्न होऊन जाईपर्यंत शिवणयंत्राला हात लावला नाही. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रश्नाला काय घाबरायचं? ज्यांच्या घरात असा माणूस होता त्यांना विचारा.

फक्त आईची भाकरी त्यातून सुटली होती. तिची भाकरी उभ्या जन्मात गोल झाली नाही, एका बाजूने तिला हमखास कोपरा फुटायचा. अण्णा तो कोपरा आधी मोडून घेत, पिठल्यात बुडवत आणि गप्प जेवत. आई आमच्या कानाशी म्हणायची, "पोटाला लेव्हल लागत न्हाई, म्हनून गप हायेत." ती हे अण्णा घरात नसतानाही हळूच म्हणायची. कंपनीचा भोंगा झाला की थोड्या वेळाने चौकात बस थांबायची, मग जिन्यात बुटांचा आवाज, मग दारातून आत येणारा मशीनवरच्या कूलंटचा आंबूस वास. बुटांचा आवाज पहिल्या मजल्यावर आला की मी खोलीभर नजर फिरवायची, काही तिरकं राहिलंय का. आता त्या चौकापाशी मेट्रो थांबते, भोंगे बहुतेक बंद झाले, जुन्या कंपन्यांचे निम्मे धंदे चाकणला गेले. तरी संध्याकाळच्या त्या सुमाराला मी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करते. माझा नवरा हसतो. हसू दे.

अशा घरात बेस गिटार कशी आली ते सांगते. आमच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या रेखाताईंनी बायकांचा ऑर्केस्ट्रा काढला होता. अकॉर्डियन त्या स्वतः वाजवायच्या, ढोलक, ड्रम, गायिका, सगळ्या बायका. त्यांची बेस वाजवणारी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. सासरच्यांनी मुलगी पसंत केली होती, बेस गिटार नाही. ती गिटार रेखाताईंच्या भावाने बोटीवरच्या नोकरीत असताना परदेशातून आणलेली, तशी दुसरी पिंपरीत शोधून सापडली नसती. दोन पावसाळे ती शाळेतल्या गाण्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. मी तेव्हा अकरावीत होते, उंचीमुळे कायम शेवटच्या बाकावर. रेखाताईंनी एकदा माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "सुलभा, केवढी लांब बोटं आहेत गं तुझी! गाता तर तुला येत नाही, बेस वाजव." आणि त्यांनी तो दांडगा प्रकार माझ्या गळ्यात अडकवला.

मी सगळ्यात जाड तार छेडली आणि तो आवाज कानात शिरायच्या आधी पोटात शिरला. ज्या जागी माझी भीती बसलेली असायची अगदी तिथेच तो जाऊन बसला आणि तिला जरा पलीकडे सरकायला लावलं. मला याहून नीट सांगता येत नाही. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको झालं. शिकले मी भराभर. अडचण एकच होती. दोन वर्षं तारांनी ओढून ओढून त्या गिटारीची मान पुढे वाकवली होती, आणि मधल्या पडद्यांपाशी तारा इतक्या उंच उभ्या होत्या की खालून माझी करंगळी आरपार जायची. दाबायला जोर लावावा लागे. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग फोड आले, मग फुटले. मी हळद लावून फडकं बांधायची आणि घरी सांगायची, भाजलं.

गणपतीत काळेवाडीतल्या एका मंडळाने रेखाताईंना कार्यक्रम दिला आणि त्या परवानगी मागायला आमच्या घरी आल्या. आईने पोहे केले. अण्णांनी ताटलीतल्या पोह्यांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक कार्यक्रम. आमी येऊन बसनार. त्यात कायबी कमीजास्त झालं, कुनी नाव ठेवलं, तर तिथंच बंद. म्होरं विचारायचं न्हाई." रेखाताईंना ती परवानगी वाटली, त्या आनंदाने दोनदा पोहे घेऊन गेल्या. मला ती शिक्षा आधीच सुनावल्यासारखी वाटली. एका संध्याकाळी जे काही होईल ते कायमचं होणार होतं, आणि परीक्षक समोर खुर्ची टाकून बसणार होते. 

कार्यक्रम शुक्रवारी. सरावासाठी म्हणून मी गिटार बुधवारी घरी आणली होती. पिंपरीत कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असायची, त्यामुळे गुरुवारी अण्णा घरी. दुपारची जेवणं झाली, आई ओट्यापाशी स्टोव्हवर दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी गूळ-खोबरं हलवत होती. मी आतल्या खोलीत वाजवत होते, फडकं सुटलं होतं आणि तारेला रक्त लागलं होतं. वर बघते तर दारात अण्णा.

त्यांनी माझा हात धरला, बोटं पाहिली. मग तार पाहिली. मग गिटार उचलून बाहेरच्या खोलीत नेली, पलंगावर पोतं अंथरून त्याच्यावर आडवी ठेवली आणि मला समोर उभं केलं. मी त्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. पण प्रश्न माझ्यासाठी नव्हता. त्यांनी पेटीतून आपली स्टीलची सरळपट्टी काढली. ती त्यांनी शिकाऊ असताना स्वतः घासून बनवलेली, तिच्याइतकं सरळ जगात दुसरं काही नाही असं त्यांचं मत होतं. दोन तारांच्या मधून ती त्यांनी पडद्यांवर उभी ठेवली, डोळा खाली नेला आणि मानेच्या मधोमध पट्टीखालून लांबलचक उजेड दिसला.

"हे काय हाय?" अण्णा गिटारीला म्हणाले.

कुणी दुसऱ्याने गिटारीला असं विचारलं असतं तर मी हसले असते. अण्णा उठले, पेटीतल्या एलन की काढून एकेक लावून बघायला लागले. गिटारीच्या डोक्यापाशी काळी झाकणी होती ती त्यांनी स्क्रू काढून बाजूला केली, आत नट दिसला. एक की बसली. मी म्हटलं, "अण्णा, ती रेखाताईंची आहे. तशी दुसरी मिळत नाही." ते म्हणाले, "म्हनूनच. चांगली वस्तू आन् मान वाकडी." आणि त्यांनी की फिरवली.

नट हलला नाही. अण्णांनी पकड बदलली आणि सगळं अंग त्यात घातलं. मी त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली पाहिली. आई ओट्यावरून वळून बघत होती, तिच्या हातातल्या उलथन्यावरून गुळाचा पाक खाली गळत होता आणि तिला पत्ता नव्हता. मला वाटत होतं ओरडावं, थांबा म्हणावं. आमच्या घरात अण्णांना थांबा म्हणण्याची पद्धत नव्हती.

'कट्ट' असा आवाज झाला.

लाकूड मोडल्याचा असतो तसा, कोरडा. अण्णांचा हात जागच्या जागी थांबला. मी डोळे मिटून घेतले आणि मला स्पष्ट दिसलं, मान मोडलीय, तारा लोंबताहेत, रेखाताई दारात उभ्या आहेत.  मग अण्णांचा आवाज आला, "गंजला हुता. सुटला." त्यांनी मानेवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, चीर कुठे नव्हती. आई म्हणाली, "अगं बाई, पाक करपला." मी पलंगाच्या कडेला टेकले. मला तेव्हा अण्णांकडे बघायचं सुचलं नाही. बघितलं असतं तर पुढच्या कितीतरी गोष्टी सोप्या गेल्या असत्या.

त्यानंतर त्यांनी सबंध दुपार त्या गिटारीला दिली. थोडं आवळायचं, सूर लावायला मला सांगायचं, पट्टी ठेवायची, खिडकीकडे धरून बघायचं, पुन्हा थोडं आवळायचं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचे बारीक स्क्रूही खाली उतरवले. उन्हं कलता कलता त्यांनी मला बोलावलं. "बघ. उजेड जातोय का?" मी डोळा लावला. पट्टी आणि पडदे यांच्यात सुईचं टोकही गेलं नसतं. "नाही जात." अण्णा चक्क हसले. आईकडून चहात साखर जास्त घालून घेतली. मी तार दाबली आणि ती लोण्यासारखी खाली गेली, दुखरं बोट असून दुखलं नाही. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं, आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

फक्त तार छेडली की आवाजाच्या मागे काहीतरी कुजबुजत होतं. घरात ॲम्प्लिफायर नव्हता, वर स्टोव्ह भणाणत होता, नीट कळेना. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, जरा खरखर आल्यासारखी वाटते." ते हत्यारं पुसत होते. "नवी फिटिंग हाय. चाललं की बसंल," म्हणाले. टूलरूममध्ये तसंच असतं, नवे भाग एकमेकांवर थोडे घासतात आणि मग बसतात. त्यांनी एलन की सदऱ्याच्या खिशात टाकली, पोरांच्या हाती लागायला नको म्हणून, आणि विषय संपला.

शुक्रवारी दिवस असतानाच आम्ही पूल ओलांडून काळेवाडीत पोचलो. मंडपात गणपतीपुढे उदबत्त्या, बाहेर वडापावचा घाणा, पोरांची पळापळ. स्टेजच्या मागे बायका एकमेकींचे गजरे माळत होत्या. मी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि पहिला सूर वाजवला. जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावे तसा. दुसरा पडदा, तिसरा, चौथा, पाचवा, जिथे बोट ठेवीन तिथे तार पुढच्या पडद्यांवर आपटत होती. गायिका गजरा माळता माळता थांबली. रेखाताई अकॉर्डियन गळ्यात घेऊन धावत आल्या.

"सुलभा, हे काय आहे?"

त्यांना काय माहीत, हा प्रश्न माझ्यासाठी काय आहे ते. "वडिलांनी मान सरळ केली," मी म्हटलं. रेखाताईंनी कपाळाला हात लावला. त्या वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, अशा आवाजाने गाणाऱ्यांचा सूर जाईल. बेसशिवाय करू या आजचा दिवस. तू बस बाजूला, टाळ्या दे." आणि त्या ढोलकवालीशी बोलायला गेल्या.

बाजूला बसणं म्हणजे संपलंच. अण्णा एवढ्यात येणार होते, पहिल्या रांगेत बसणार होते, आणि मुलगी टाळ्या वाजवताना बघणार होते.  मी गिटार मांडीवर घेतली आणि काही करायचं म्हणून जाड तार जोरात ओढून सोडली. तिच्याकडे बघत राहिले. तार मधोमध केवढी तरी फुगत होती, दोन्ही टोकांना शांत आणि मध्ये रुंद. आम्ही मुली इमारतीच्या मागे दोरीवर उड्या मारायचो, तेव्हा दोरी अशीच मध्ये फुगायची आणि जमिनीला सटकन लागायची. एका जागी जमिनीला जरा खळगा होता. तिथे दोरी लागायची नाही, म्हणून त्या जागेसाठी आमची भांडणं व्हायची. हे मला तिथे, त्या गोंगाटात आठवलं. तारेलाही तेवढाच खळगा हवा होता. मान जराशी वाकलेली हवी होती. अण्णांनी जगातली सगळ्यात सरळ मान बनवली होती आणि तीच चूक होती.

म्हणजे नट सैल करायचा. आणि की अण्णांच्या खिशात.

मी पडदा बाजूला करून बघितलं. पहिल्या रांगेत अण्णा येऊन बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, त्याच्या खिशात कीचा उंचवटा, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी आई, पलीकडे कॉलनीतले सावंतकाका. स्टेजवरून खाली उतरायच्या तीन-चार लाकडी पायऱ्या होत्या, त्या उतरताना मी दोनदा परत फिरले. मग अण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"की द्या, अण्णा."

"कशाला?"

"नट सैल करायचाय. थोडा."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "सरळ हाय ती. काल दाखवली की तुला."

"सरळ आहे म्हणूनच वाजत नाही."

आईने पदर तोंडाशी नेला. सावंतकाका मोठ्याने हसले, "काय राव, पोरीनं तुमच्या कामात खोट काढली व्हय? टूलरूमच्या माणसाच्या?" मागच्या दोन रांगा हसल्या.  मला वाटलं, आता ते उठतील आणि मला हाताला धरून घरी नेतील. त्यांनी खिशात हात घातला. की बाहेर यायला फार वेळ लागला. माझ्या हातावर ठेवली तेव्हा ती गरम होती. 

स्टेजमागे खाली बसून मी की नटावर बसवली. काल तो आवाज झाला होता, तो आज माझ्या हाताखाली झाला तर? पाठीमागे माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी उलट्या बाजूला अगदी थोडं फिरवलं, गणपतीचं नाव घेत, खरं सांगते. काही झालं नाही. सूर लावला, तार छेडली, खरखर होतीच. आणखी थोडं. पुन्हा सूर, पुन्हा तार. दर वेळी की फिरवून झाल्यावर मान तपासायला अंगठा, अण्णांसारखाच. मग एकदा तार छेडली आणि ती गायली. पाचव्या पडद्यापाशी जराशी कुरकुर राहिली, ती मी राहू दिली. रेखाताई मागे येऊन केव्हा उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "ऊठ, तुझी जागा ड्रमच्या डावीकडे."

कार्यक्रम कसा झाला ते मला फारसं आठवत नाही. माझी नजर पहिल्या रांगेवर होती. पहिल्या गाण्याला अण्णा होते, दुसऱ्याला होते. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर बघितलं तर खुर्ची रिकामी. त्यांची त्या आठवड्यात रात्रीची तिसरी शिफ्ट होती, पण बसला अजून बराच वेळ होता. ते शिफ्टला गेले नव्हते. चारचौघांत मुलीने खोट काढली म्हणून उठून गेले होते. मी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवत राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मंडळाने नारळ दिला, आणि मला वाटत होतं हे शेवटचं. घरी येताना आईला विचारलं, अण्णा काही म्हणाले का? "न्हाई बाई. नुसते उठले आन् गेले." झोप लागली नाही. कूस बदलली की कोपऱ्यात उभी ती गिटार दिसायची.

सकाळी बुटांचा आवाज आला. पहिला मजला. मी सवयीने खोलीभर नजर फिरवली, सगळं सरळ होतं. अण्णा आत आले, मोरीत हातपाय धुतले, आईने दिलेला चहा उभ्यानेच प्यायले. मग पलंगावर पोतं अंथरलं. "आन ती."

मी गिटार आणली. त्यांनी पट्टी काढली, दोन तारांच्या मधून पडद्यांवर उभी केली, डोळा खाली नेला. मधोमध उजेडाची बारीक रेघ होती. मला उभ्या जागेवरून दिसत होती.

"हे काय हाय?"

आई भाकरी थापता थापता थांबली. आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं. "तो वाक आहे, अण्णा. मीच ठेवलाय. तार मध्ये फुगते, तिला हलायला जागा लागते."

 अण्णांनी खिशातून फिलर गेज काढलं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो तो, एकेक पाती वेगळ्या जाडीची, फटीत घालून फट मोजायची. टूलरूमच्या माणसाचा जीव असतो त्यात. अण्णांनी एक पाती फटीत सरकवली, सैल गेली. दुसरी गेलीच नाही. तिसरी किंचित अडखळत, घासत आत गेली. ती त्यांनी दोन-तीनदा आत-बाहेर केली. मग पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला, जुडग्याचा स्क्रू काढला, ती एकच पाती मोकळी केली आणि तेलाच्या फडक्याने पुसून माझ्यापुढे धरली.

"दर बारीला ही घालून बघायची. अंदाजानं करायचं न्हाई."

संचातली पाती काढलेला टूलरूमचा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. रिटायर होईपर्यंत तेवढी जाडी मोजायची वेळ आली की अण्णा दोन पातळ पात्या जोडून काम भागवत. आणि कुणी विचारलं तर सांगत, पोरीकडं हाय.

पाती माझ्या हातात होती, नखाएवढ्या वजनाची. तिच्या जोरावरच असेल, मी विचारलं, "काल तुम्ही उठून का गेलात?"

अण्णा संचाचा स्क्रू पुन्हा लावत होते. तो त्यांना लागेना. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या बोटांकडे बघितलं. ती थरथरत होती.

"गेलो न्हाई. मंडपाच्या मागं हुतो, शेवटपत्तोर. खुर्चीत बसवंना. भ्या वाटलं."

"गिटार मोडेल म्हणून?"

"गिटारीचं काय," अण्णा म्हणाले. "तुझं चुकलं असतं, तर घरी येऊन मी तुला काय बोललो असतो, त्याचं."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. तिला एका बाजूने कोपरा फुटला होता. अण्णांनी हात पुढे करून तो मोडून घेतला, अर्धा मला दिला, आणि आम्ही दोघांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला.